अधिक वेगवान कोण? : निरनिराळ्या पल्ल्यांच्या तरुण धावपटूंची तुलना

१

मराठीत दोन गोष्टींची तुलना करावयाची असता आपण विशेषणाचे रूप बदलत नाही. ‘उच्चतर’, ‘प्रियतम’ यांसारखी रूपे संस्कृतातून आलेली आणि बहुतांशी ग्रंथातच राहिलेली. नित्याच्या बोलण्यात ‘हा त्याच्यापेक्षा उंच’ किंवा ‘हा त्याहून उंच’ एवढ्यावर आपले काम भागते. विशेषण जागच्या जागी राहते आणि तुलनेचा सारा भार ‘पेक्षा’ वा ‘हून’ यांवर पडतो. यांपैकी ‘पेक्षा’ हा शब्द संस्कृत ‘अपेक्षा’ या शब्दावरून आलेला आहे. ‘अमुकाच्या संबंधाने पाहता’ हा त्याचा मूळ आशय होय. म्हणजे तुलना ही नेहमी कशाच्या तरी संबंधाने असते, याची जाणीव आपल्या भाषेने या लहानशा शब्दात साठवून ठेविली आहे. बोलणाऱ्याला मात्र तिचे विस्मरण होते.

हे विस्मरण सर्वच ठिकाणी सारखे अपायकारक नसते. ‘उंच’ या विशेषणाला एकच मोजपट्टी पुरते. ‘हा त्याच्यापेक्षा उंच’ असे म्हटल्यावर ‘कशात?’ असा प्रश्न कोणी विचारीत नाही. ‘हुशार’ या विशेषणाची गोष्ट वेगळी. ‘ही तिच्यापेक्षा हुशार’ असे म्हणताच ‘गणितात की भाषेत?’ असा प्रतिप्रश्न योग्यच ठरतो, कारण हुशारीला अनेक मोजपट्ट्या आहेत आणि त्या परस्परांशी जुळतातच असे नाही.

आता ‘वेगवान’ हे विशेषण यांपैकी कोणत्या जातीचे? वरवर पाहता ते ‘उंच’ या जातीचे वाटते. अंतर ठरलेले, घड्याळ हातात, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजमाप. याहून एकेरी मोजपट्टी ती कोणती असावयाची? परंतु दोन धावपटू दोन निरनिराळ्या पल्ल्यांत प्रवीण असले, की हे विशेषण ‘हुशार’ या जातीत जाऊन बसते. प्रस्तुत लेखकाचा व्यासंग भाषाशास्त्राचा आहे, क्रीडाशास्त्राचा नव्हे. तथापि तुलनेची वाक्ये कशी बनतात आणि कोठे फसतात, हा दोहोंना सामाईक असा प्रश्न आहे. तो येथे मध्यम पल्ल्याच्या तरुण धावपटूंच्या उदाहरणाने पाहावयाचा आहे.

२

प्रथम ‘मध्यम पल्ला’ म्हणजे काय ते पाहू. सामान्यतः ८०० मीटर आणि १५०० मीटर या शर्यतींना, व त्यांच्या लगतच्या १००० मीटर व एक मैल या शर्यतींना हे नाव आहे. ३००० मीटरची स्टीपलचेस ही अडथळ्यांची शर्यत या गटाच्या वरच्या सीमेवर येते. एकाच नावाखाली आल्यामुळे या शर्यती एकाच जातीच्या आहेत असा समज होतो. तो तितकासा बरोबर नाही.

धावताना स्नायूंना लागणारी शक्ती दोन मार्गांनी निर्माण होते. एक मार्ग श्वासावाटे घेतलेल्या प्राणवायूच्या साहाय्याने चालतो. तो सावकाश पण दीर्घकाळ टिकणारा असतो. दुसरा प्राणवायूवाचून चालतो. तो तत्काळ शक्ती देतो, परंतु लवकर संपतो आणि स्नायूंत थकव्याचे द्रव्य साठवितो. स्पेन्सर आणि गॅस्टिन या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या मापनानुसार ८०० मीटरच्या शर्यतीत प्राणवायूच्या मार्गाचा वाटा सुमारे ६६ टक्के, तर १५०० मीटरमध्ये तो सुमारे ८४ टक्के असतो. ४०० मीटरमध्ये हाच वाटा ४३ टक्के आढळला. म्हणजे ८०० मीटरचा धावपटू दोन प्रांतांच्या सीमेवर उभा आहे. १५०० मीटरचा धावपटू मात्र पुष्कळसा एका प्रांताचा रहिवासी आहे.

शर्यतीची घडणही निराळी असते. डेव्हिड रुडिशा याने २०१२ साली लंडन ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरचा १ मिनिट ४०.९१ सेकंद हा उच्चांक केला. त्या वेळी त्याची पहिली फेरी ४९.२८ सेकंदांत आणि दुसरी ५१.६३ सेकंदांत झाली. ८०० मीटरची जलद शर्यत बहुधा अशीच असते: आरंभी साठा खर्च करावयाचा आणि उत्तरार्धात गती जितकी कमी घटेल तितके यश मिळवावयाचे. १५०० मीटरच्या मोठ्या स्पर्धांत पुष्कळदा याच्या उलट घडते. धावपटू एकमेकांकडे पाहत पहिल्या फेऱ्या काढतात आणि शेवटची फेरी सर्वांत वेगाची होते. स्टीपलचेसमध्ये आणखी तिसरेच कौशल्य लागते. पुरुषांच्या शर्यतीत ९१.४ सेंटिमीटर उंचीचे अडथळे अठ्ठावीस वेळा ओलांडावे लागतात आणि सात वेळा पाण्यावरून उडी घ्यावी लागते. म्हणजे एकंदर पस्तीस वेळा धावण्याची लय मोडून पुन्हा जुळवावयाची असते.

३

आता तीन तरुण धावपटू घेऊ. तिघांचाही जन्म २००० साली किंवा त्यानंतरचा, आणि तिघेही आपापल्या शर्यतीत जगातील अग्रगण्यांत गणले गेलेले.

पहिला केनियाचा इमॅन्युएल वान्योनी, जन्म १ ऑगस्ट २००४, ८०० मीटरचा धावपटू. २०२१ साली नैरोबी येथे तो वीस वर्षांखालील जगज्जेता झाला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने १ मिनिट ४१.१९ सेकंद वेळेत सुवर्णपदक मिळविले. दुसरा आलेला कॅनडाचा मार्को अरोप त्याच्या मागे केवळ ०.०१ सेकंद होता. त्याच महिन्यात लोझान येथे वान्योनीने १:४१.११ अशी वेळ नोंदविली, आणि २०२५ साली टोकियो येथे तो जगज्जेता झाला.

दुसरा नॉर्वेचा याकोब इंगेब्रिग्ट्सेन, जन्म १९ सप्टेंबर २०००, १५०० मीटरचा व त्यापुढील पल्ल्यांचा धावपटू. २०२१ साली टोकियो येथे भरलेल्या ऑलिंपिकमध्ये तो १५०० मीटरचा विजेता ठरला. २०२४ साली मोनॅको येथे त्याने ही शर्यत ३ मिनिटे २६.७३ सेकंदांत पुरी केली, आणि त्याच वर्षी ३००० मीटरचा ७ मिनिटे १७.५५ सेकंद हा जागतिक उच्चांक प्रस्थापित केला.

तिसरा इथिओपियाचा लमेचा गिर्मा, जन्म २६ नोव्हेंबर २०००, स्टीपलचेसचा धावपटू. ९ जून २०२३ रोजी पॅरिस येथे त्याने ७ मिनिटे ५२.११ सेकंद असा जागतिक उच्चांक केला. आणि तरीही २०१९, २०२२ व २०२३ च्या जागतिक स्पर्धांत, तसेच २०२१ च्या ऑलिंपिकमध्ये, त्याला प्रत्येक वेळी रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. २०१९ साली दोहा येथे तो अवघा अठरा वर्षांचा होता आणि त्याचे सुवर्णपदक ०.०१ सेकंदाने हुकले. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत शेवटच्या फेरीत अडथळ्याला अडखळून तो पडला.

या तिघांत अधिक चांगला कोण?

४

या प्रश्नाला उत्तर देण्याच्या चार रीती प्रचलित आहेत. त्यांची क्रमाने परीक्षा करू.

पहिली रीत, उच्चांकाशी प्रमाण काढण्याची. ज्याची वेळ आपल्या शर्यतीच्या जागतिक उच्चांकाच्या अधिक जवळ, तो श्रेष्ठ. हिशेब केला तर गिर्मा शंभर टक्के, वान्योनी ९९.८ टक्के आणि इंगेब्रिग्ट्सेन सुमारे ९९.६ टक्के असा क्रम लागतो. गणित निर्दोष आहे. दोष त्याच्या आधारात आहे. तीन उच्चांक तीन काळांतील आहेत. १५०० मीटरचा ३:२६.०० हा उच्चांक हिशम एल गेरूज याने १९९८ साली केला, ८०० मीटरचा २०१२ सालचा, तर स्टीपलचेसचा २०२३ सालचा. मधल्या काळात, विशेषतः २०२० च्या सुमारास, धावण्याच्या बुटांच्या तळव्यांत नवा लवचीक फेस आला आणि धावमार्गाच्या कडेला ठरीव गतीने पुढे सरकणारे दिवे आले. तेव्हा आपण तीन धावपटूंना एका पट्टीने मोजीत नसून तीन पट्ट्यांनी मोजीत आहोत. आणि त्या पट्ट्या आपसांत सारख्या आहेत की नाहीत, हाच मुळी वादाचा विषय आहे. शिवाय शंभर टक्के मिळविणाऱ्या गिर्माने २०२४ अखेरपर्यंत खुल्या मैदानावरील एकही जागतिक वा ऑलिंपिक विजेतेपद मिळविलेले नव्हते, ही गोष्ट या गणितात कोठेच दिसत नाही.

दुसरी रीत, समान पल्ला शोधण्याची. दोघांनाही एकाच अंतरावर धावावयास लावा, म्हणजे वाद मिटला, असे पुष्कळांना वाटते. इंगेब्रिग्ट्सेनने २०२० साली ८०० मीटर १ मिनिट ४६.४४ सेकंदांत धावून पुरे केले होते. वान्योनीच्या उत्तम वेळेहून ही वेळ पाच सेकंदांनी अधिक आहे. उच्चांकाशी प्रमाण काढल्यास ती ९५ टक्क्यांहूनही थोडी कमी भरते. जो धावपटू १५०० मीटरवर ९९.६ टक्के, तोच ८०० मीटरवर ९५ टक्क्यांच्या खाली! यावरून तो सामान्य ठरतो काय? अर्थातच नाही. समान पल्ला निवडला की तुलना निःपक्षपाती होते हा भ्रम आहे. पल्ल्याची निवड हाच एक पक्षपात आहे. ८०० मीटर निवडल्यास वान्योनी जिंकणार, ३००० मीटर निवडल्यास इंगेब्रिग्ट्सेन जिंकणार. मधला म्हणून १००० मीटरचा पल्ला सुचविता येईल. परंतु तो मोठ्या स्पर्धांत धावलाच जात नाही, आणि त्या अंतराचे निष्णात झाले तर ते चौथ्याच जातीचे धावपटू असतील.

मात्र याच रीतीचा एक उपयोग आहे, आणि तो मोलाचा आहे. समान पल्ल्यावर दोन धावपटूंची तुलना करण्याऐवजी एकाच धावपटूच्या दोन वेळांची तुलना केली, तर त्याची जडणघडण कळते. गिर्माने फेब्रुवारी २०२३ मध्ये फ्रान्समधील लिएव्हँ येथे बंदिस्त मैदानावर अडथळ्यांविना ३००० मीटर ७ मिनिटे २३.८१ सेकंदांत पुरे केले. चारच महिन्यांनी अडथळ्यांसह तेवढेच अंतर ७:५२.११ मध्ये. फरक २८.३० सेकंदांचा. पस्तीस उड्यांवर तो वाटला, तर प्रत्येक उडीला सुमारे ०.८ सेकंद पडतात. बंदिस्त मैदानाच्या फेऱ्या आखूड असतात, त्यामुळे हा हिशेब स्थूल समजावा. तरी गिर्माचे सामर्थ्य कशात आहे ते त्यावरून दिसते. निव्वळ धावण्यात तो इंगेब्रिग्ट्सेनच्या ३००० मीटरच्या वेळेहून सुमारे सहा सेकंद मागे आहे, आणि अडथळा ओलांडण्याची किंमत त्याला फार थोडी मोजावी लागते. ‘तो कितवा?’ या प्रश्नापेक्षा ‘तो कसा घडला आहे?’ या प्रश्नाला आकडे अधिक प्रामाणिक उत्तर देतात.

तिसरी रीत, गुणकोष्टकांची. बोझिदार स्पिरिएव्ह यांनी सिद्ध केलेल्या कोष्टकांत प्रत्येक शर्यतीतील प्रत्येक वेळेला गुण दिलेले असतात, आणि निरनिराळ्या प्रकारांतील कामगिरी त्यायोगे एका मापात आणता येते. संघांच्या स्पर्धेत किंवा निवडीच्या वेळी याची सोय मोठी आहे. पण ही कोष्टके संख्याशास्त्राच्या आधारे बसविलेली आहेत, हे विसरता कामा नये. शब्दकोशात दोन भाषांतील दोन शब्द समोरासमोर छापलेले असतात, म्हणून ते अर्थाने तंतोतंत एक होत नाहीत. व्यवहारापुरते एकमेकांच्या जागी चालतात इतकेच. जागतिक संघटनेने २०१९ पासून सुरू केलेल्या क्रमवारीतही केवळ वेळेचे गुण धरीत नाहीत. स्पर्धेतील स्थानाचे गुण त्यात मिळवितात. केवळ घड्याळ पुरत नाही, याची ही एक प्रकारे कबुलीच होय.

चौथी रीत, पदकांची. हिच्याविषयी एकच उदाहरण पुरेसे आहे. २०२१ साली टोकियो येथे इंगेब्रिग्ट्सेनला ३:२८.३२ या वेळेने सुवर्णपदक दिले. २०२४ साली पॅरिस येथे त्याने ३:२८.२४ अशी, म्हणजे आधीपेक्षा चांगली वेळ नोंदविली आणि तो चौथा आला. अमेरिकेचा कोल हॉकर ३:२७.६५ वेळेने विजेता ठरला. पदक हे धावपटूचे माप नसून त्या दिवशीच्या त्या शर्यतीतील संबंधाचे माप आहे. ‘पेक्षा’ या शब्दाचा मूळ अर्थ येथे अक्षरशः खरा ठरतो.

५

आतापर्यंत आपण एक शर्यत म्हणजे एक जात असे गृहीत धरले. हे गृहीतकही तपासून पाहिले पाहिजे.

भाषेत कधी कधी दोन शब्दांचे रूप एकच असते आणि कुळे मात्र दोन असतात. ‘डोक्यावर’ यातील ‘वर’ संस्कृत ‘उपरि’कडून आला, लग्नातला ‘वर’ निराळ्या मूळाचा. उच्चारावरून त्यांना सगोत्र ठरविणारा फसतो. ८०० मीटरच्या धावपटूंतही अशी दोन कुळे आहेत. न्यूझीलंडचा पीटर स्नेल १९६२ साली ८०० मीटर १ मिनिट ४४.३ सेकंदांत धावला. आर्थर लिडियार्ड यांच्या मार्गदर्शनाखाली आठवड्याला सुमारे १६० किलोमीटर धावून त्याने आपला पाया रचला होता. १९६४ साली टोकियो येथे ८०० व १५०० या दोन्ही शर्यती त्याने जिंकल्या. क्यूबाचा अल्बेर्तो हुआंतोरेना १९७६ साली माँट्रिऑल येथे १:४३.५० वेळेत ८०० मीटर जिंकला. त्याचे दुसरे सुवर्णपदक मात्र ४०० मीटरचे होते. दोघांच्या वेळांत एका सेकंदाचाही फरक नाही. पण एक दूरच्या पल्ल्यावरून खाली आलेला, दुसरा आखूड पल्ल्यावरून वर चढलेला. घड्याळाला हा भेद दिसत नाही. मार्गदर्शकाला तो दिसला नाही, तर स्नेलच्या जातीच्या मुलाला हुआंतोरेनाचा सराव दिला जाईल.

आणि शर्यतीवरून धावपटूची जात ठरविणेही कधी कधी कसे अंगाशी येते, हे १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकने दाखविले. ब्रिटनचे सेबॅस्टियन को आणि स्टीव्ह ओव्हेट हे दोघे तरुण तेव्हा कीर्तीच्या शिखरावर होते. ८०० मीटरचा जागतिक उच्चांक को याच्या नावावर होता. १५०० मीटर व मैल या पल्ल्यांवर ओव्हेट दीर्घकाळ अपराजित होता. तेव्हा ८०० मीटर कोचे आणि १५०० मीटर ओव्हेटचे, अशी वाटणी जाणकारांनी आधीच करून टाकली होती. प्रत्यक्षात ८०० मीटर ओव्हेटने जिंकले, आणि सहा दिवसांनी १५०० मीटर कोने. ज्या शर्यतींच्या आधारे तुलना केली होती त्या पुष्कळशा उच्चांकासाठी आखलेल्या, पुढे गती राखून देणारा सोबती असलेल्या शर्यती होत्या. ऑलिंपिकच्या १५०० मीटरमध्ये पहिले ८०० मीटर सुमारे २ मिनिटे ५ सेकंद इतक्या मंद गतीने गेले, आणि मग निकाल लागला तो अखेरच्या वेगावर. पल्ला तोच, नाव तेच. परंतु शर्यतीची जात बदलली होती.

६

हा सारा खल केवळ जिज्ञासेपोटी केला असता तर तो क्रीडाप्रेमींच्या गप्पांना सोडून देता आला असता. परंतु या तुलनांचा परिणाम भोगणारा बहुधा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असते. त्या वयात दोन मुलांच्या शरीराची वाढ सारख्या टप्प्यावर नसते. ज्याची वाढ लवकर झाली त्याला शक्तीचा व वेगाचा लाभ आधी मिळतो, आणि निकालपत्रकावर तो ‘अधिक चांगला’ दिसतो. त्या एका तुलनेवरून एकाला ८०० मीटरचा म्हणावयाचे, दुसऱ्याला १५०० मीटरचा, आणि तिसऱ्याला घरी पाठवावयाचे, हे वर्गीकरण नव्हे, घाई आहे.

निकालांचा क्रम किती अस्थिर असतो याचे उदाहरण इंगेब्रिग्ट्सेनचेच घ्या. जुलै २०१८ मध्ये फिनलंडमधील टाम्पेरे येथे वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेत त्याला १५०० मीटरमध्ये दुसरे व ५००० मीटरमध्ये तिसरे स्थान मिळाले. पुढच्याच महिन्यात बर्लिन येथे, सतराव्या वर्षी, याच दोन्ही शर्यतींत तो प्रौढांच्या गटात युरोपचा विजेता झाला. समवयस्कांत तिसरा आणि प्रौढांत पहिला, असे हे महिन्याभरात घडले.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे आहे. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातील मांडवा येथला अविनाश साबळे महार रेजिमेंटमध्ये दाखल झाला, तेव्हा तो कोणत्याही पल्ल्याचा नामांकित धावपटू नव्हता. २०१५ साली तो सैन्यांतर्गत क्रॉस-कंट्री स्पर्धांत धावू लागला, आणि स्टीपलचेसकडे वळला तो २०१७ साली. म्हणजे वयाची बावीस वर्षे उलटल्यावर. २०२२ साली बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंद वेळेत त्याने रौप्यपदक मिळविले, सुवर्ण ०.०५ सेकंदाने हुकले. त्याच वर्षी ५००० मीटरमधील बहादूर प्रसाद यांचा तीस वर्षे टिकलेला राष्ट्रीय उच्चांक त्याने मोडला, आणि २०२४ साली पॅरिस येथे स्टीपलचेसमध्ये ८:०९.९१ अशी वेळ नोंदविली. सोळाव्या वर्षी इंगेब्रिग्ट्सेनशी त्याची तुलना कोणी केली असती, तर ती तुलना करण्याजोगा एकही आकडा साबळेच्या बाजूला सापडला नसता. आकडा नसणे म्हणजे गुण नसणे नव्हे, एवढे तरी यावरून मान्य व्हावे.

मग तुलना करूच नये काय? तसे नाही. तुलनेवाचून निवड नाही आणि निवडीवाचून स्पर्धा नाही. सांगावयाचे ते इतकेच, की तुलनेचे वाक्य पुरे करावे. ‘अ हा ब-पेक्षा चांगला’ हे वाक्य व्याकरणाने शुद्ध असले तरी आशयाने अपुरे आहे. त्यात चार जागा मोकळ्या आहेत: कोणत्या पल्ल्यावर, कोणत्या जातीच्या शर्यतीत, कोणत्या वयात, आणि कशाच्या बळावर. पहिल्या तीन जागा निकालपत्रक पाहून भरता येतात. चौथी भरण्यासाठी त्या मुलाच्या दोन-तीन पल्ल्यांवरील वेळा शेजारी मांडून, एका पल्ल्यावरून दुसऱ्यावर जाताना त्याचा वेग किती घटतो ते काही वर्षे पाहावे लागते. हे काम सावकाशीचे आहे. वान्योनी, इंगेब्रिग्ट्सेन आणि गिर्मा यांच्यात श्रेष्ठ कोण, याचे उत्तर चारही जागा भरल्यावर एक न राहता अनेक होते, आणि ती सर्व एकाच वेळी खरी असतात. शाळेच्या मैदानावरील मुलांविषयी बोलताना हीच शिस्त पाळली, तर ‘वेगवान’ या शब्दाचा अर्थ बिघडणार नाही आणि उशिरा फुलणारा एखादा धावपटू मैदानाबाहेर जाणार नाही.